सरांच्या फोनवरचा ओटीपी

"बोल, स्पीकरवर आहेस तू. सगळे ऐकताहेत. काय पाहिजे तुला?"

एम.एस्सी.ला मला शिकवलेले सर असं म्हणाले आणि मागून कपबशांचा आवाज आला. सरांच्या घरी मराठी मंडळाची बैठक चालू असणार. मी ग्वाल्हेरात फूलबागेजवळ एका झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी होते. स्कूटीच्या सीटवर लॅपटॉप उघडा. पडद्यावर एक रिकामा चौकोन, त्यात आकडे भरायचे, आणि खाली वेळ पळत होती. ते आकडे सरांच्या मोबाइलवर आले होते. मला ते हवे होते. बाकी काही नको होतं.

मी म्हटलं, "सर, ओटीपी आला असेल तर सांगून द्या ना."

तिकडे हशा पिकला. एक बाई म्हणाल्या, सांगून द्या काय, ही कसली बाई मराठी. सर म्हणाले, नीट बोल, शुद्ध मराठीत माग, मग देतो. मी मागितलं. "सर, कृपया ओटीपी सांगावा." पाहुण्यांसमोर लहान पोराला कविता म्हणायला लावतात ना, तसं. मग मी लाइनवर असतानाच सरांनी माझी ओळख करून दिली. म्हणाले, आपल्या बेलदारांची पोर, बाप दगड फोडतो, पण पोरगी हुशार. डिग्री झाली तरी अजून माझ्याच लॉगिनवर वाचते. कुणीतरी म्हणालं, वा, विद्यादान.

तेवढ्यात वेळ संपली. चौकोन लाल झाला.

मला रडू आलं नाही. कान तापले. ग्वाल्हेरात कुणाची मराठी शुद्ध आहे, सांगा मला. सरांचा नातू माझ्यासमोर म्हणाला होता, आजोबा, मला नींद येतेय. त्याचं कौतुक झालं. माझं हसं झालं. नाकानं कांदे सोलणारी माणसं ही.

आमचे वाडवडील दक्षिणेतून मराठा फौजेबरोबर आले. सरांचेही त्याच फौजेबरोबर आले. त्यांचे दरबारात लिहायला आणि पूजा सांगायला. आमचे तोफांना रस्ता करायला. पुढे आमची माणसं दगड फोडत जायची, मागून तोफ यायची. म्हणजे या मुलखात पहिलं पाऊल आमचं. पण घरं मिळाली त्यांना, शहराच्या मधोमध दाना ओली नावाच्या गल्लीत, देवघरासकट. आम्ही अजून शहराबाहेर, खदानीच्या रस्त्याला. आजोबा दाना ओलीत पायऱ्या बसवायला जायचे तेव्हा त्यांना प्यायला पाणी वरून मिळायचं, ओंजळीत. पायरी त्यांनी बसवलेली चालायची. तांब्याला हात लागलेला चालायचा नाही.

बाबांनी दगड फोडला, कापला, घासला. मशीन आली तेव्हा मशीनवर कापला. मशीनची धूळ पिठासारखी बारीक असते. भाकरीवर बसते, पापण्यांवर बसते. छातीत बसते ते दिसत नाही. बाबांना आता नळावरून बादली आणता येत नाही. सरकारी दवाखान्यात टीबी म्हणाले. गोळ्या दिल्या. खोकला थांबला नाही, परत गोळ्या दिल्या. वस्तीत अर्ध्या घरांत हेच. सगळ्यांना टीबी. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते आणि मला कळायला लागलं होतं की हे टीबी नाही, धूळ आहे.

म्हणून मी एम.एस्सी.ला पर्यावरण घेतलं. मैत्रिणी म्हणायच्या, बी.एड. कर, नोकरी लागेल. नाही केलं. मला धुळीवर काम करायचं होतं. शिकताना युनिव्हर्सिटीचं लॉगिन होतं आणि मी त्यावर अधाशासारखी वाचायची. जगभरातले खाणकामगार, जगभरातली धूळ, सगळं एका पडद्यावर. असं वाटायचं की कुणीतरी कोठाराची किल्लीच हातात दिलीय.

दीक्षान्त समारंभात मोठे पाहुणे आले होते. भाषणात म्हणाले, "आप जीवन भर इस परिवार के सदस्य हैं।" आईनं नवी साडी नेसली होती. बाबा मागच्या रांगेत बसले होते, खोकला आला तर पटकन उठून बाहेर जाता यावं म्हणून. मीही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन लॅपटॉप उघडला, लॉगिन टाकलं. पडद्यावर आलं, आपण सध्या विद्यार्थी नाही. झालं. सदस्यत्व संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

मी लायब्ररीत गेले. काउंटरवरचे साहेब वाईट नव्हते, उगाच खोटं कशाला बोलू. खुर्ची दिली. म्हणाले, माजी विद्यार्थ्याचं कार्ड काढा, आत बसा, पुस्तकं वाचा, पेपर वाचा. मी म्हटलं, मला ऑनलाइन जर्नल्स पाहिजेत, माझं सगळं काम त्यातच आहे. ते म्हणाले, "मैडम, आप पासआउट हो गईं। हमारे हाथ में कुछ नहीं है।" कंपनीशी करार असतो म्हणे, चालू विद्यार्थ्यांपुरता. मी विचारलं, करारात काय लिहिलंय, कुणी वाचलाय का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या बायकोचं वय विचारलं.

आता सांगा, माणूस शिकून बाहेर पडतो तेव्हाच त्याला वाचायची खरी गरज लागते ना? शिकत असताना वाचायला मास्तर सांगतो. शिकून झाल्यावर वाचतो तो स्वतःच्या भुकेनं. नेमकं तेव्हाच ताट काढून घेतात. ज्यांचे काका-मामा कुठल्यातरी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, त्यांना काही अडत नाही. एक फोन आणि काम फत्ते. आमच्या घराण्यात कुणाचा मामा इन्स्टिट्यूटमध्ये असणार? मी आमच्या वस्तीतली पहिली एम.एस्सी. माझ्यामागे कुणी नाही आणि पुढे कुलूप.

मी शहरातच मुरारला एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि पीएच.डी.साठी दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेचा अर्ज भरला. विषय तोच, ग्वाल्हेरच्या दगडाची धूळ आणि कामगारांची फुप्फुसं. मुलाखतीला आराखडा घेऊन जायचं होतं. आराखड्यासाठी वाचायला हवं. वाचायला लॉगिन हवं. त्याच वेळी सर म्हणाले, अगं माझं आहे ना, वापर की. त्यांनी पासवर्ड दिला. पण नव्या जागेवरून उघडलं की दर वेळी ओटीपी त्यांच्या फोनवर जायचा, म्हणजे दर वेळी मी फोन करायचा. सर जेवत असतील तर थांबायचं. पूजेत असतील तर थांबायचं. दुपारी झोपले तर काकू फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, उठले की बघू हं.

नियमानं मला मिळत नव्हतं आणि उपकारानं मिळत होतं, ही गंमत बघा. पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही. सरांना कुणी विचारलं नाही. नियम माझ्यासाठी होता, त्यांच्या उपकारासाठी नव्हता.

आणि उपकार नुसता राहतो होय? आधी सरांच्या भाषणासाठी थोडं टाइप करून दे. मग स्लाइडी करून दे. मग मंडळाच्या स्मरणिकेचं बघ. सर शिकवायचे पर्यावरण, पण मंडळात कशावरही बोलायचे, आणि ते बोलायचे त्यातलं निम्मं मी वाचून काढलेलं असायचं. मी करत गेले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हटलं असेल.

आता त्या दिवसाचं. शाळेतून परत येताना फूलबागेजवळ थांबून मी आदल्या दिवशी उतरवलेला एक लेख वाचत होते. त्याच्या शेवटच्या संदर्भांत मला दुसऱ्या एका लेखाचं नाव दिसलं आणि मी जागच्या जागी खिळले. ग्वाल्हेरजवळच्या दगड कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास. शोधलं तर गोषवारा उघडला. गोषवारा फुकट असतो. त्यात आमच्या वस्तीचं नाव नव्हतं, पण खदानीचं वर्णन होतं, दगड कापायच्या कारखान्यांचं होतं, आणि तपासणीचं साल होतं. ते आम्हीच होतो.

कारण मला ती तपासणी आठवत होती. पांढऱ्या गाडीतून दिल्लीचे डॉक्टर लोक आले होते. वडाखाली टेबल मांडलं होतं आणि सगळ्या कामगारांना एका नळीत फुंकायला लावलं होतं. बाबांनीही फुंकलं. जोरात, और जोर से, असं ते म्हणत होते आणि बाबा लालबुंद झाले होते. जाताना त्यांनी सांगितलं, रिपोर्ट आएगी. बाबांनी ते धरून ठेवलं. दवाखान्यातला माणूस रक्त घेतो तर रिपोर्ट देतो, मग यांनी फुंक घेतली तर रिपोर्ट देणारच. किती वर्षं झाली तरी बाबा विचारायचे, बेटा, माझा तो रिपोर्ट आला का? वस्तीतले सगळेच विचारायचे. त्यांना वाटायचं, दिल्लीत कुठंतरी त्यांच्या नावाची पाकिटं पडलीत.

पाकिटं नव्हती. हा लेख होता. माझ्या बापाच्या फुंकेवर लिहिलेला आणि कुलपात ठेवलेला. खाली लिहिलं होतं, वाचायचा तर संस्थेतून या, नाहीतर डॉलरमध्ये विकत घ्या.

लेखकांना मी मेल टाकला. पुढेही टाकत राहिले, उत्तर आलं नाही. चोरीच्या साइटी असतात, माहीत आहेत मला, उपदेश नको. पण आपल्याच घरातली वस्तू चोरून का आणायची? म्हणून सरांना फोन लावला आणि मग तो स्पीकरचा तमाशा झाला. लाल चौकोनाकडे बघत मी परत विनवलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. सर म्हणाले, आता राहू दे, रविवारी माझं व्याख्यान आहे मंडळात, ग्वाल्हेरचा दगड आणि मराठी कारागीर. वडिलांना घेऊन ये, त्यांचा सत्कार करू. मग निवांत बसून काढू तुझा तो लेख.

मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, रिपोर्ट सापडला. रविवारी मिळेल.

बाबांनी रविवारी दाढी केली. धुतलेलं धोतर नेसले. दाना ओलीतल्या त्या हॉलच्या स्टेजला थोड्याच पायऱ्या, पण बाबांना मध्ये थांबावं लागलं. सगळा हॉल गप्प बसून त्यांची धाप ऐकत होता. मी बाजूला लॅपटॉपवर बसले होते, स्लाइडी सरकवायला. स्लाइडी मीच केलेल्या. सरांनी बाबांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. मग माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, यांची ही मुलगी, आजही माझ्या लॉगिनवर शिकते, एक वेळ दक्षिणा राहू द्या, पण विद्या थांबली नाही पाहिजे. टाळ्या पडल्या. सरांनी माइक बाबांच्या तोंडापुढे धरला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

बाबांनी एका हातात नारळ धरला होता. म्हणाले, "साहेब, आम्ही पाइपात फुंकलं होतं. तो रिपोर्ट तुमच्यापाशी आहे म्हणते पोरगी. तेवढा देऊन टाका."

लोक हसले. वाईट नाही हसले, कौतुकानं हसले, तेच जास्त लागलं. सरही हसले. बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अहो, तो इंग्रजीत असतो. तुम्हाला काय कळणार त्यातलं? तुम्ही नारळ सांभाळा."

परत हशा. बाबाही हसले. लोक हसतात म्हणून हसले. मला ते बघवेना. एवढे महिने मी तेच करत होते ना? फोनवर हसत होते. हो सर, चालेल सर, झोपले असतील तर राहू द्या सर. आजोबांनी ओंजळीत पाणी प्यायलं, आणि मी शिकून सवरून ओंजळीत आकडे घेत होते, कुणी वरून सोडतील तेवढे. फरक काय झाला? शिकून फरक काय झाला?

मी उठले. माइक नव्हता, पण वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झालाय.

"सर, पासवर्ड बदला."

सर म्हणाले, काय?

"तुमचा पासवर्ड बदलून टाका. मला पाठ आहे तो. यापुढे मला तुमचा ओटीपी नको. तो लेख माझ्या बाबांच्या छातीतून निघालाय. तो वाचायला मी तुमच्या फोनपुढे उभी राहणार नाही."

माझ्या मराठीत बोलले. शुद्ध होतं की नव्हतं, त्यांनी बघावं. सरांचा चेहरा पडला, मग कडक झाला. पहिल्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, या लोकांना उपकाराची जाण नसते. मी लॅपटॉप बंद केला. पडद्यावरची सरांची स्लाइड गेली. लॅपटॉप माझा होता.

बाबांना हाताला धरून खाली आणलं. गल्लीत आलो तेव्हा वाटलं, बाबा पाठीवर हात ठेवतील. कसलं काय. बाबा रागावले होते. "दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर मिळाला असता," म्हणाले. आणि नारळ पोटाशी धरून स्कूटीवर मागे बसले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जन्मभर असंच मिळवलंय, गप्प बसून. पण मला त्यांचा रागही झोंबला.

सरांनी पासवर्ड त्याच दिवशी बदलला. मी करून बघितलं नाही, त्यांनीच मेसेज केला. खाली लिहिलं होतं, शुभेच्छा.

मुलाखतीला मी तो लेख न वाचताच गेले. समोर चार-पाच जण. आराखडा त्यांना आवडला, मान हलवत होते. मग मधल्या बाईंनी नेमका तोच लेख काढला. तुमच्याच शहरावरचा एवढा महत्त्वाचा अभ्यास आणि तुमच्या आराखड्यात त्याचा फक्त गोषवारा? मी खरं सांगितलं. माझी डिग्री संपली, लॉगिन संपलं. माझे वडील त्या अभ्यासात आहेत आणि मला तो वाचता येत नाही. बाईंनी माझा आराखडा मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "यह तो बहाना हुआ न? जिसे पढ़ना होता है, वह कहीं से भी जुगाड़ कर लेता है।"

जुगाड. म्हणजे कुणाचा तरी मामा, कुणाचं तरी लॉगिन, कुणाच्या तरी दारात उभं राहणं. ते करत नाही तो आळशी. माझी निवड झाली नाही. यादीत नाव नव्हतं, पुढच्या वर्षी या म्हणाले.

घरी येऊन मी बाबांना सगळं खरं सांगितलं. तुमच्या नावाचा रिपोर्ट कुठेच नाही. तुमची फुंक बाकीच्यांच्या फुंकेत मिसळून त्यांनी सरासरी काढली. त्यावर लेख छापला, त्यावर त्यांना पदं मिळाली असतील, आणि लेख कुलपात आहे. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "मग त्या डॉक्टरांनी आम्हाला फुंकायला कशाला बोलावलं?" वस्तीच्या तोंडाला पानं पुसली होती आणि पुसणाऱ्यांना आमची नावंसुद्धा आठवत नसतील.

आता मी दर शनिवारी शाळा सुटली की लायब्ररीत जाते. माझ्याबरोबर एम.एस्सी. झालेल्या तिघीचौघी येतात, कधी येत नाहीत. काउंटरवर उभी राहून एकच गोष्ट मागते. आत एक कॉम्प्युटर ठेवा, ज्यावर बसून पासआउट मुलंही वाचू शकतील. दुसरीकडे असं देतात, मी करारांचं वाचलंय. आमच्या करारात काय आहे ते दाखवा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. काउंटरवरचे साहेब म्हणतात, मैडम, आप भी ना. म्हणू देत. मी कंटाळणार नाही. त्यांना कंटाळा आला तर कॉम्प्युटर ठेवावा लागेल.

आणि गेल्या महिन्यात वस्तीत परत एक गाडी आली. नवी टीम, नवी मशीन, दूरच्या एका कॉलेजची तरुण पोरंपोरी. वडाखाली टेबल मांडलं. माणसं सवयीनं रांगेत उभी राहिली, बाबाही. मी पुढे जाऊन टेबलाशी उभी राहिले आणि त्यांच्यातल्या मुख्य मुलीला विचारलं, हा अभ्यास कुठे छापणार? ज्यांनी फुंकलं त्यांना तो वाचायला मिळेल का? हिंदीत कोण सांगणार? ती गोंधळली. चांगली होती बिचारी. म्हणाली, हे ठरलेलं नाही, आमच्या सरांना विचारावं लागेल.

मी तिच्या हातातली नळी टेबलावर ठेवायला लावली. रांगेकडे वळले आणि सगळ्यांना सांगितलं, घरी जा. बाबांनाही सांगितलं. मग तिला म्हटलं, सरांना विचारून या, आणि उत्तर लिहून आणा. तोवर या वस्तीतलं कुणी तुमच्यासाठी फुंकणार नाही.